रायबंदरच्या धक्क्यावर, पांढऱ्या शर्टात

मला निवडलं ते कायतानने.
फेरीबोटीचा दोर टाकता टाकता म्हणाला,
'पुंडलीकबाब, एक म्हातारा हवाय त्यांना,
गप्प उभा राहणारा. दिवसाला पंधराशे, जेवण वेगळं.'
गप्प उभं राहण्यातच तर हयात गेली,
अठ्ठावीस वर्षं, म्हापशाच्या थिएटरात,
केबिनच्या चौकोनी भोकापाशी.

जाहिरात कपडे धुण्याच्या पावडरीची.
दिग्दर्शक मात्र तो.
ज्याच्या चित्रपटांचे डबे बसस्टँडवरून
मी खांद्यावर वाहून आणलेले,
ज्याचं नाव पडद्यावर पडायच्या आत
उजव्या कोपऱ्यातला ठिपका बघून
दुसरं मशीन सुरू करायची माझी घाई.

केस पिकलेत त्याचे. घडीच्या खुर्चीत बसून
चोडणच्या खारफुटीकडे बघत होता,
आणि एजन्सीचा पोरगा, हातात मोबाइलचं घड्याळ,
सांगत होता, 'सर, अर्धा सेकंद जास्त होतोय.'
सर म्हणाले, 'काढू.'
पान खाऊन चुना पुसावा इतक्या सहज.

मेकअपवाल्याने माझ्या खिशावर चॉकलेट फासलं, चिखल म्हणून.
खरा चिखल दोन पावलांवर होता, ओहोटीचा,
पण तो कॅमेऱ्यात चिखल वाटत नाही म्हणे.

एकोणीस टेक.
विसाव्याआधी तो स्वतः उठून आला,
खांद्याला हात लावला, 'आजोबा, नदीकडे बघा.
कोणीतरी यायचंय, असं.'
कोण, ते मी विचारलं नाही.

त्याच्या दुसऱ्या चित्रपटात एक बाई अशीच उभी होती.
अशाच धक्क्यावर. दोन मिनिटं चाळीस सेकंद.
काही घडत नाही. पदर हलतो, एक कावळा येतो, जातो.
सोमवारचा रात्रीचा खेळ, बावीस माणसं,
त्यांतल्या पाचांनी शिट्ट्या मारल्या,
आणि मालक जिना चढून वर आला :
'काप रे ते. पंखे फिरतायत फुकट.'
मी कापलं. कात्री, चिकटपट्टी, संपलं.
एकेचाळीस सेकंद. साठेक फूट.
आवाजाची पट्टी चित्राच्या पुढे धावते,
त्यामुळे बोटीचा भोंगा माझ्या तुकड्यात राहिला
आणि पडद्यावर बोट आली ती मुकी.
तुकडा मी फेकला नाही. खाली अंथरूणपेटीत आहे,
सुलन विचारते दर दिवाळीला, हे काय, टाकू?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पिशवीत घालून आणला होता.
शागोतीच्या ताटावर मी त्याला म्हटलं,
'तुमचे चित्रपट मी म्हापशाला चालवायचो.'
त्याचा घास थांबला.
'तो धक्क्याचा शॉट... तुमच्याकडे लोक बसायचे का गप्प?'

माझा हात पिशवीवर होता.

'गप्प,' मी म्हटलं. 'टाचणी पडली तर ऐकू यावी.'

तो माझ्याकडे बघत राहिला,
दोन मिनिटं चाळीस सेकंद नाही, पण बराच वेळ,
आणि डोळे पुसावेत तसा चष्मा पुसला.
मग पोरगा ओरडला, 'सर, लाइट जातोय,'
आणि सर उठले.

जाहिरात आली ती क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये.
मी दीड सेकंद आहे, जरा धूसर.
सुलनला हाक मारली, 'अगो, बेगीन यो,'
ती हात पुसत येईस्तोवर
कुठल्याशा सिमेंटचा हत्ती चालत होता.
पुढच्या आठवड्यात तीसची वीस सेकंद केली त्यांनी.
मुलगी आहे, पावडर आहे, नदी अर्धी आहे.
मी नाही.

राग नाही आला. कापणाऱ्याला
कापल्याचा राग कसा येईल?
मी फक्त मोजलं, सवयीने,
किती चौकटी गेल्या असतील.

शर्ट त्यांनी संध्याकाळीच परत घेतला होता.
डाग निघाला का, ते काही कळलं नाही.