भोगस

कुडतरीच्या पोस्टात बदलून आलो तेव्हा
पहिलं रजिस्टर पत्र दिलं इश्पेरांसबाईंना,
दुसरं शेजारच्या क्लेमेंतीनला.
मडगाव कोर्टाचं, दोन्हींवर एकच तारीख.
दोन दारं, दोन सह्या, पेन एकच, माझं.

मधे चिऱ्यांचा गडगा,
वर सिमेंटात रोवलेल्या काचा,
बिअरच्या हिरव्या, आणि एक निळी
कुठल्याशा औषधाच्या बाटलीची.
भांडण विहिरीकडे जाणाऱ्या पाच हात वाटेचं.
भांडणारे दोघे भाऊ केव्हाच सिमितेरीत गेले,
तिथे शेजारी शेजारी आहेत.
खटला बायकांना वारशात मिळाला.

मी इश्पेरांसबाईंच्या मागच्या खोलीत भाडेकरू.
सातला इगर्जीची घंटा होते,
त्या सुंगटांच्या कढीखालचा गॅस बारीक करतात
आणि गुडघे टेकवत नाहीत म्हणून
खुर्चीत बसूनच तेर्स म्हणतात.
भिंत पातळ आहे.
घरी दीड दिवसांचा गणपती आणणाऱ्या मला
आता सगळं पाठ झालंय.
एका ओळीला त्यांना खोकला येतो.
आमचे अपराध भोगस, जसे आम्हीही...
आणि खोकला.
पाच दशकं, पाच खोकले.

भोगस.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, देवाला सांगतायत,
भोग बाबा, आमच्या वाटचं तूच भोग.
मग कळलं, त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ
क्षमा कर.
आम्ही जे भोगतो
ते ह्यांना माफ करावं लागतं.
तेव्हा मी हसलो होतो, एकटाच, चहा गाळताना.

नोव्हेंबरात सायबीण वाड्यावर फिरायला निघते.
वीतभर उंचीची माउली, काचेच्या पेटीत,
एकेक रात्र एकेका घरी.
रीत अशी, की जिच्या घरी ती राहिली
तिनेच पुढच्या घरी पोचवायची.
पुढचं घर क्लेमेंतीनचं.
नऊ वर्षं नेमके त्याच दिवशी
इश्पेरांसबाईंचे गुडघे जास्त दुखायचे
आणि पेटी मुलगा न्यायचा.
यंदा मुलगा कतारला.

दुपारी त्या माझ्या दाराशी आल्या.
"पोस्टमन, तूं व्हर मरे."
मी म्हटलं, बाई, ही रजिस्टर पोस्ट.
जिची तिनेच हातोहात द्यावी लागते.
त्या काही बोलल्या नाहीत.
कपाटातून काळे बूट काढले,
नवऱ्याच्या मयताला घातलेले,
आणि ओल्या फडक्याने बुरशी पुसत बसल्या.

वाट बंद, म्हणून वरात रस्त्याने वळसा घालून गेली.
पाच हातांऐवजी दोनशे पावलं.
पुढे व्हायोलिन, थोडं बेसूर,
मागे मेणबत्त्या, कागदाच्या आडोशात.
क्लेमेंतीन दारात उभी होती,
ब्लाउजच्या बाहीला इस्त्रीचा पिवळा डाग.
तिने हात पुढे केले.
पेटीखाली चार हात झाले
आणि तिथेच राहिले.
काच होती ना. आधी सोडायचं कुणी?
लादाईन गाणारे पुढचा सूर धरून थांबले,
एका पोराने विचारलं, काय झालं,
त्याच्या आईने त्याला चिमटा काढला.

मग सगळं नेहमीसारखं.
उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या,
पुरुषांना फेणीचे इवले पेले.
इश्पेरांसबाईंनी तिथे काही तोंडात घातलं नाही.
चणे रुमालात बांधून घेतले.
रात्री उशिरा भिंतीपलीकडून मला ऐकू आलं,
एकेक चणा, सावकाश,
उरलेल्या दातांनी.

सोमवारी पुन्हा दोन पत्रं. पुढची तारीख चौदा जानेवारी.
दोघींनी सह्या केल्या.
गडग्यावरच्या काचा आहेत तशा आहेत,
निळीसुद्धा.
खोकलाही आहे.
फक्त तो हल्ली ओळ संपल्यावर येतो.

परवा मी एका पाकिटावर
सावंतवाडीच्या माझ्या भावाचा पत्ता लिहिला.
पिनकोड न बघता आठवला.
आत अजून काही घातलेलं नाही.