खूण

शिरोड्याच्या वाटेवरचा पंप.
टेम्पोत बर्फ, बर्फाखाली सुरमई,
मागे तीन रिक्षा, हॉर्न.

"पिन सांग गो, मीच मारतंय,"
कार्ड घेऊन पोरगा आत निघालेला.
"मशीन हंयसर हाड."

हाताला खवले चिकटलेले.
त्याच हाताचा आडोसा केला,
चार आकडे दाबले.
मागचा रिक्षावाला मान लांब करून
आभाळ बघत होता.

"इतक्या काय आसा गो खात्यात?"
"डिझेलापुरता."

बापूस खडपाची जागा
कुणाला सांगायचा नाही.
दीपस्तंभ माडाआड गेला
की जाळं सोडायचं.
कुठला माड,
ते शेवटच्या आजारात
माझ्या कानात म्हणाला.

माड मागच्या वादळात पडला.
अजून कोण ना कोण विचारतं.
मी सांगत नाही.