पोटातला डीजे

डॉक्टर म्हणे, आत डीजे टाकला हाये, दीड महिन्यानं काढू.
मी म्हटलं, वरातीतला का?
ते नाही हसले.

मुतखड्याच्या वाटेत ठेवलेली निळी नळी,
तिले म्हणतात डीजे.
आवाज नव्हता, नाच होता.
मशीनचं पायडल दाबलं का कमरेत कळ,
एक बाही जोडता जोडता तीनदा मोरीत.
गिऱ्हाईक म्हणे, शिलाई वाकडी गेली व पंचफुला.
म्हटलं, मीच वाकडी बसली हाये.

काढायच्या दिवशी
घाटंजीहून पहाटेची यष्टी, मंग नागपूर,
टेबल, पाय वर टांगलेले,
दुर्बीण,
अन् दुर्बिणीमागं पाच शिकाऊ पोरं.
एकाच्या बुटाची लेस सुटेल होती.
मी तेवढीच पाहत राहिली.
घरी येऊन साऱ्या बायांले त्या लेसीचं सांगतलं,
हसून सांगतलं.

दोन वर्षांनी खडा दुसऱ्या कुशीत.
इकडचं पाणी तांब्यात पांढरी रेघ सोडते,
माणसात काहून नाही सोडणार?
यावेळी यवतमाळ, नाकाडे डॉक्टरीण.
म्हणाल्या, या नळीच्या टोकाला चुंबकाचा मणी आहे,
काढताना दुर्बीण नको. बाईचा रस्ता दोन बोटांचा.
मी मनात म्हटलं,
बाईच्या वाट्याले जे जे आखूड आलं
त्यातलं हे एकच कामी पडलं.

काढलीही इथंच, घाटंजीत.
पडदा. उईके सिस्टरचा हात, फिनाइलच्या वासाचा.
एक बारीक नळी आत गेली, चाचपडत.
तो शोध मले ठावूक हाये.
माह्या मशीनच्या खणात
फुटक्या रेडिओचा चुंबक पडला असते;
सांजच्याले भुईवरून फिरवला
का टाचण्या उड्या मारत येतात.
टक्.
ऐकू काही आलं नाही, पण टक् झालं.
"झालं," बाई म्हणाल्या.
मी अजून श्वासच भरत होती.

ट्रेमध्ये पडली होती ती,
दोन्ही शेंडे वळलेली, वाळत्या शेवईसारखी.
हिच्यासाठी मी मागच्या वेळी
देवाले नारळ बोलली होती.
अकराची गाडी भेटली.
दुपारी दोन परकरांत नाड्या ओवल्या.

मैनाबाई तोडसामच्या पोटात
चौदा महिन्यांपासून तसाच हाये.
तारीख विसरली म्हणते.
विसरली नाही. तिनं लेसीचं ऐकलं होतं.
माह्याच तोंडून.

काल खणातला चुंबक घेऊन तिच्या ओट्यावर गेली,
मूठभर टाचण्या सांडल्या, अन् दाखवलं.
खोटं नाही बोलली:
तुह्या नळीले मणी नसन.
पण त्याइच्यापाशी क्रोशासारखा बारीक आकडाही असते.
आधी फोटो काढतीन. चौदा महिन्यांत खडा चिकटला असन
तं दुर्बीणच लागन, मोठ्या दवाखान्यात.
पण आता गेली तं आतालेच कळन.

तिनं एक टाचणी उचलली,
चुंबकाजवळ नेली, सोडली,
पुन्हा नेली.
"लुगडं फेडा लागते?"
"वर करा लागते. पडदा असते."
"पोरं?"
"मी विचारून आली. नाही."

बराच वेळ टाचण्या गोळा करत बसली,
हातानं, एकेक,
चुंबक बाजूले ठेवून.
मंग म्हणे,
सकाळची गाडी सातची का सव्वासातची?