खाडाखोड

चार जिने चढून आलात, टीलेमान,
धाप लागलेली, तरी फाइल छातीशी धरलेली,
तान्हं मूल धरावं तशी.
आयझेनाखच्या या इमारतीत आता कुणी एवढं चढत नाही.
दार पुरतं उघडायच्या आत विचारलंत,
"ओळीतून उडी मारणारा हा 'ए' तुमचाच ना?"

माझाच. म्हणजे माझ्या यंत्राचा.
त्याची ती दांडी वाकडी होती, बावीस वर्षं.
दुरुस्तीचा अर्ज मीच टाइप केला होता,
त्याच वाकड्या 'ए'ने.

बसा. कॉफी पातळ आहे.
दाखवा, काय काय जमवलंत:
गिअरबॉक्सची चिठ्ठी, एरफुर्टच्या जुन्या बाजारातली,
सीटच्या कापडाचा क्रमांक, मूळ सुतळीसकट,
तपासनिसाचा शिक्का, तारीख आहे, सही नाही
(तंबाखू आणायला गेला असेल, नेहमी जायचा),
आणि हा माझा कागद, चौथी प्रत,
कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.
कारखाना बंद झाला तेव्हा कचऱ्यातून
कुणीतरी पोतं भरून उचललेली.
चौथ्या प्रतीवर अक्षरं कायम धुक्यात उभी.
जोरात बडवावं लागायचं. करंगळी अजून दुखते.

सातवी ओळ. रंग.
'हस्तिदंती', त्यावर फुल्या, फुल्या,
आणि वर, तिरकस, 'निळा'.
तुमची गाडी निळी.
परीक्षक म्हणतात, नंतर रंगवली असेल, गुण कापू.
तुम्हाला हवंय माझं एक वाक्य
आणि खाली सही.

तर ऐका.
ऱ्योनच्या डोंगरातला एक माणूस, त्सेन्टग्राफ,
मधमाश्या पाळायचा.
अकरा वर्षं रांगेत, वर्षाला एक पत्र,
प्रत्येकात तेच: गाडी निळी द्यावी,
माझ्या पेट्या निळ्या आहेत,
माश्यांना परकं वाटायला नको.
आम्ही हसायचो. त्याची पत्रं कपाखाली ठेवायचो.
एका वर्षी त्याने शाईसुद्धा निळी वापरली.

अकराव्या वर्षी पत्र आलं नाही,
नंबर आला.
त्या आठवड्यात निळी बॉडी एकच होती,
कुणा साहेबाच्या जावयासाठी राखलेली.
मी टाइप केलं: हस्तिदंती.
हात थांबला. टेबलावर कपाचा गोल डाग,
त्यात त्याचं अक्षर.
मग फुल्या मारल्या. आमच्या भाषेत त्या शब्दाची अक्षरं नऊ,
फुल्याही नऊ.
जावयाला हस्तिदंती गेली. त्याने तक्रार केली.
तिचं उत्तरही मीच टाइप केलं.

काय म्हणालात? डिकीच्या कोपऱ्यात मेण होतं?
आठ दिवस गरम पाण्याने
खरवडून काढलंत,
कारण ते कारखान्याचं नव्हतं.

असू द्या.
तुम्हाला कुठून कळणार.

लिहा: 'टायपिंगमधील चूक, त्याच वेळी दुरुस्त.'
खोटं नाही ते.
दोनांपैकी चूक कुठली, ते कुणी विचारणार नाही.
तुमचं पेन नको, ते खिडकीतलं द्या.

आणि हो, त्या गाडीत मी कधी बसले नाही.
सायकलने जायचे, बर्फ असला तर बसने.
नाव आम्हीही लावलं होतं, अठ्ठ्याहत्तर साली.
पोचपावती आहे, कपाटात, चादरींच्या खाली,
दुसऱ्याच मुलीने टाइप केलेली, 'ए' अगदी सरळ.
नंबर यायच्या आधी
फाटकच बंद झालं.
तुमच्या गाडीला कागद पुरत नाहीत, टीलेमान.
माझ्याकडे कागद आहे,
त्याची गाडी झालीच नाही.

डोळे चमकले तुमचे. पाहिलं मी.
दाखवते. हातात मात्र देणार नाही.
आधी ती कॉफी
बाजूला ठेवा.