तळटीप ४७

लेखक कोण, या जागी
मी 'महाराष्ट्र शासन' लिहिलं.
मग जलसंपदा विभाग, मग साल, पान बावीस.
आरवाडे सर म्हणाले, बरोबर.
शासनाला आडनाव नसतं,
त्यामुळे आधी काय लावायचं हा घोळ नाही.

पान बावीसवर तक्ता आहे,
आयर्विन पुलाखालची पाणीपातळी, तासातासाची.
रात्री दोन: एक्केचाळीस फूट तीन इंच.
तीन: बेचाळीस.
चारच्या घरात नुसती आडवी रेघ,
पाचपासून पुन्हा आकडे,
जणू काही झालंच नाही.

त्या रेघेपायी वारणालीच्या कार्यालयात चार खेपा झाल्या.
पाचव्या खेपेला शिपायाने कपाटामागून वही काढली,
गाळाने फुगलेली,
पानं उलटताना पापडासारखी वाजणारी.
चारच्या ओळीत निळ्या बॉलपेनने:
'बॅटरी विझली. पट्टी दिसत नाही.
आवाज वाढलाय.'
खाली सही. बा. मुजावर, रोजंदारी.

अहवालात आवाजाला रकाना नव्हता.

सर म्हणाले, अप्रकाशित आहे, संदर्भ धरत नाहीत.
मी म्हटलं, सर, त्या रात्री तुम्ही कुठं होता?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
'माळ्यावर,' म्हणाले. 'आई आणि शेजारची दोन पोरं.
आवाज मीपण ऐकला होता.'
मग लाल पेन टोपणात घालून म्हणाले,
'लिही. बहिःस्थ परीक्षक विचारतील, तेव्हा बघू.'

मुजावर, बा., हस्तलिखित नोंद, पहाटे चार.
आडनाव आधी.
प्रकाशकाच्या जागी काही सुचेना,
तिथं मी तीच
आडवी रेघ ओढली.