चार बोटं

हिरेबावी म्हणजे मोठी विहीर.
मोठ्या विहिरीत आता एक उंबर आहे,
त्याचा शेंडा कठड्याच्या वर आला तेव्हा
आम्हाला पाण्याची संस्था काढायचं सुचलं,
कुणीच न पाहिलेल्या पाण्याची.

पहिल्या बैठकीचा तास नावावरच गेला.
मी म्हटलं, भूजल.
काशव्वा म्हणाली, अंतर्जल म्हण की,
तुझ्या तोंडाला काय काटा टोचतोय?
दस्तगीर पेंटर निळा रंग कालवून उभा,
"ठरवा लवकर, रंग वाळायलाय."
फलक निळाच राहिला.
अजून निळाच आहे.

मग बोअर मोजायला निघालो.
कागदावर बासष्ट,
रानात एकशे सदतीस,
त्यातली एक गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांखाली,
एक माझ्या मेव्हण्याची.
तीही लिहिली.
बहीण दिवाळीपर्यंत बोलली नाही.

टेपेला खडू फासायचा, खाली सोडायची,
जिथवर खडू भिजला तिथला आकडा वाचायचा,
एवढंच शास्त्र.
तवनाप्पा चौगुल्याच्या बोअरला
शंभर मीटरची टेप संपली
आणि खडू कोरडा वर आला.
काशव्वानं म्हशीचं दावं सोडून पुढं केलं.
रजिस्टरात, शेरा या रकान्यात,
माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे:
टेप अधिक दावं.

धारवाडहून खडकाच्या बाई आल्या, हुद्दारबाई.
म्हणाल्या, तुमच्या संस्थेची हद्द दाखवा.
आम्ही सीमेचा दगड दाखवला.
या दगडापायी एस.टी. अडल्या,
पाट्या काळ्या झाल्या, पुन्हा रंगल्या,
माझ्या चुलत्यानं अकरा दिवस कोठडी काढली.
बाई दगडाला पाठ टेकून बसल्या,
डब्यातली भाकरी मोडता मोडता म्हणाल्या,
खाली कुणी रोवलाय का असला?

दुसऱ्या दिवशी तवनाप्पाची मोटार चालू केली,
आणि दगडापलीकडं, तिप्पेवाडीत,
बिरू हाक्के आपल्या विहिरीत टेप सोडून बसला.
तासाला एक फोन.
नऊला: हाय तसंच.
दहाला: हाय तसंच.
अकराला उचललाच नाही, शेरडं वळवायला गेलावता.
साडेबाराला:
"चार बोटं उतरलं.
तिकडं काय केलंसा?"

तवनाप्पा उसाच्या सरीत उभा होता,
घोट्याएवढ्या पाण्यात.
खाली वाकून बघितलं त्यानं,
जसं काही पाण्यावर नाव असतंय.
मग गेला आणि मोटार बंद केली.
थ्री फेज असताना मोटार बंद करणारा माणूस
मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"त्यानं वडलं तर माझं उतरतंय का?"
"हौदु," बाई म्हणाल्या.
तवनाप्पाचा नातू म्हणाला, "कुठाय हौद?"
त्याला आम्ही मराठी शाळेत घातलंय.
हसलो सगळे, पण थोडंच.
"मग त्यालाबी घे लिहून," तवनाप्पा म्हणाला.

नियम तीन ठरले.
नवी बोअर नाही. ऊस ठिबकवर.
अमावास्येला सगळ्यांच्या विहिरी मोजायच्या, सगळ्यांसमोर.
पहिला नियम मार्चातच मोडला एकानं,
गाडी रात्री आली, पण खडकाचा आवाज
कुठं लपतो?
दंड भरला. चहाही पाजला.

बिरूला घेता येत नाही, कचेरी म्हणते,
दुसरं राज्य.
कागद दोनदा परत आलाय.
मी त्याचं नाव पेन्सिलनं घातलंय, अठ्ठेचाळिसाव्या ओळीत,
राज्याचा रकाना मोकळा.
रजिस्टर हातोहात फिरतं, ओल्या बोटांनी,
दर अमावास्येला नाव पुसट झालेलं असतं.
आधी ते गिरवतो.
मग टेपेला खडू.