कुमुदला, सुई सुरू करण्याआधी

कुमुद, तू फोनवर विचारलंस, दुखतं का.
नाही गं. भरताची वांगी तोडताना देठाचा काटा लागतो ना,
त्याच्या अर्ध्यात होतं सगळं.
बेंबीपासून चार बोटं सोडून,
एका बुधवारी डावीकडे, पुढच्या बुधवारी उजवीकडे.
जळगावला पाचपांडे डॉक्टरांनी हात धरून शिकवलं,
म्हणाले, छोट्या डोसापासून चढायचं, जिन्यासारखं,
आणि पोटातली कळ पाठीत गेली
तर घरी ओवा चावत बसायचं नाही, तडक यायचं.

पेन फ्रिजच्या दारात ठेव, बर्फात नको.
मे महिन्यात आमच्या सावद्याला लाइट गेली
तेव्हा थर्मासात घालून स्कुटीवरून
फैजपूरच्या डेअरीत नेलं होतं मी ते,
श्रीखंडाच्या डब्यांशेजारी.
डेअरीवाला भिरूड हसला. हसू दे.

पहिला आठवडा काहीच नाही.
वाटलं, तीन पार्ट्यांची कमाई पाण्यात.
दुसऱ्या आठवड्यात फोडणी टाकली
आणि तेलाचा वास
ओळख नसलेल्या माणसासारखा अंगावर आला.
मळमळ. आंबट ढेकर.
सकाळी जायचं, बसायचं, तसंच उठून यायचं,
हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.
पाणी पी. पपई खा.

मग एक दिवस, अकराच्या सुमारास, शांतता.
तुला कसं सांगू.
पिठाची गिरणी दिवसभर चालते, आपल्याला ऐकू येत नाही,
बंद पडली की कळतं, चालू होती.
डब्यात शेव होती. मी तिथेच उभी होते.
शेव डब्यातच राहिली.
रडले थोडी, ओट्याला टेकून.
इतकी वर्षं त्या आवाजाची लाज वाटायची,
मला वाटायचं, तो आवाज म्हणजे मीच.

तीस वर्षं सगळ्यांच्या मागून जेवले,
बडगीच्या तळाशी उरलेलं, टाकवत नाही म्हणून.
लोक म्हणायचे, हिला खायला आवडतं.
आता चार घासांवर पोट हात आडवा धरतं.
उरलेलं उरतं.
त्याचं काय करायचं ते डॉक्टरांच्या कागदावर नाही.

बाया विचारतील, शुगर निघाली का,
घरात काही झालं का.
सांगायचं तर सांग, नाहीतर चहा टाक.
डाळ, दही, अंडं मात्र चुकवू नको,
चरबीबरोबर ताकदही जाते,
मुसळ उचलताना मला कळलं.
आणि बंद केलं तर? मी विचारलं होतं.
डॉक्टरांनी चष्मा पुसला.
"परत येऊ शकतं."

चंपाषष्ठीनंतरची पार्टी,
चिनावलला केळीच्या मळ्यात, नव्वद ताटं.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटत होती
आणि मीठ चाखायला माझी जीभ तयार होईना.
दगूबाईला म्हटलं, तू बघ.
"बरोबर शे वं माय," म्हणाली,
आणि पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणाच्या जिभेवर
नव्वद माणसं बसवली.
पात, मिरची, शेंगदाणे, सगळं हातानं कालवलं.
हात धुतला, तर बोटात अंगठी नाही.
बावीस वर्षं रुतून बसलेली,
सोनार म्हणाला होता कापावी लागेल.
पंगत बसलेली, आणि मी मधून ओरडत फिरतेय,
"सावकाश चावा रे, सोनं आहे!"

झोपे सरांच्या नातवाच्या घासात निघाली,
कळण्याच्या पुरीत गुंडाळलेली.
मळा हसला. आमचे हे पण हसले,
मग अंगठी शर्टाला पुसून खिशात टाकली,
काही न बोलता.
दुसऱ्या दिवशी आतून दोरा गुंडाळून आणली.
अजून थोडी सैल आहे.

तर कुमुद,
बाकी काय व्हायचं ते होईल.
अंगठी आधी काढून ठेव.